बायो-ई३ धोरण : हवेतील कार्बन, एन्झाइम आणि तुमचा लाभ

थोडक्यात
केंद्रीय मंत्रिमंडळाने २४ ऑगस्ट २०२४ रोजी बायो-ई३ धोरणास मंजुरी दिली. कार्बन पकडून त्याचा वापर करणे हा त्यातील एक विषय आहे. हे धोरण संशोधक व उद्योगांसाठी आहे. यातून कोणाच्याही खात्यात थेट रक्कम जमा होत नाही.

कार्बन स्थिरीकरण म्हणजे काय?
हवेतील कार्बन डायऑक्साइडपासून साखरेसारखे पदार्थ बनवणे. पानांत हे काम रुबिस्को नावाचे एन्झाइम करते. ते सावकाश चालते. सेकंदाला मोजकेच रेणू पकडते आणि कधी चुकून ऑक्सिजनही पकडते. म्हणून शास्त्रज्ञ अधिक वेगवान एन्झाइम घडवत आहेत. २०१६ मध्ये जर्मनीतील मारबुर्ग येथे १७ एन्झाइमांची नवी साखळी परीक्षानळीत चालवून दाखवण्यात आली. एन्झाइमांना मदत करणारे कृत्रिम सहघटक बनवण्याचेही प्रयोग चालू आहेत. हे काम अजून प्रयोगशाळेतच आहे.

म्हैसूरमध्ये काय उपलब्ध आहे?
म्हैसूर येथील केंद्रीय अन्न तंत्रज्ञान संशोधन संस्था (सीएफटीआरआय) १९५० पासून कार्यरत आहे. स्पिरुलिना या नील-हरित शेवाळावर तिने अनेक वर्षे काम केले असून स्पिरुलिना चिक्कीही विकसित केली आहे. स्पिरुलिना पाण्याच्या टाकीत वाढते आणि रुबिस्कोच्याच साहाय्याने कार्बन घेते. वाळवल्यावर तिच्यात वजनाच्या निम्म्याहून अधिक प्रथिने असतात.

तुम्ही कोणता लाभ घेऊ शकता?
चिक्कीसारखा खाद्यपदार्थ बनवण्याचा उद्योग करायचा असल्यास प्रधानमंत्री सूक्ष्म अन्न प्रक्रिया उद्योग योजनेची (पीएमएफएमई) माहिती घ्या. योजनेतील तरतुदी :
• पात्र प्रकल्प खर्चाच्या ३५ टक्के कर्जाशी निगडित अनुदान, वैयक्तिक उद्योगास कमाल १० लाख रुपये.
• लाभार्थ्याचा स्वतःचा हिस्सा किमान १० टक्के. उरलेली रक्कम बँकेचे कर्ज.
• स्वयंसहायता गटातील अन्न प्रक्रिया करणाऱ्या सदस्यास ४०,००० रुपयांपर्यंत बीज भांडवल, गटामार्फत.

अर्ज स्वीकारणे सुरू आहे का, याची आधी जिल्हा संसाधन व्यक्तीकडे खात्री करा. अनुदान मिळाले तरी कर्ज तुम्हालाच फेडायचे असते. म्हणून माल कोण विकत घेणार, हे ठरवूनच टाकी बांधा.

सावध राहा
“टाकी बांधा, कार्बनचे पैसे मिळतील” असे सांगून कोणी नोंदणी शुल्क मागितल्यास देऊ नका. स्पिरुलिना खाल्ली की तिच्यातील बहुतेक कार्बन आपल्या श्वासावाटे पुन्हा हवेत जातो. आधार, पासबुक किंवा ओटीपी कोणालाही देऊ नका.