विविधता व्हिसा कार्यक्रम (अमेरिका)

विविधता स्थलांतरित व्हिसा कार्यक्रम हा अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांच्या परराष्ट्र खात्यामार्फत राबवला जाणारा, सोडतीवर आधारलेला स्थलांतर कार्यक्रम आहे. तो ‘ग्रीन कार्ड लॉटरी’ या नावाने अधिक परिचित आहे. ज्या देशांतून अमेरिकेत तुलनेने कमी लोक स्थलांतर करतात, त्या देशांत जन्मलेल्या व्यक्तींना कायम वास्तव्याची संधी देणे हा त्याचा उद्देश होय. कायद्याने या कार्यक्रमासाठी वर्षाला ५५,००० व्हिसा ठरवून दिले आहेत. भारतात जन्मलेल्या व्यक्ती सर्वसाधारणपणे या सोडतीस पात्र नसतात. मात्र पात्रता नागरिकत्वावर नव्हे, तर जन्मदेशावर ठरत असल्यामुळे परदेशात जन्मलेल्या काही मराठी व्यक्तींना, तसेच पात्र देशात जन्मलेल्या व्यक्तीशी विवाह केलेल्यांना ती खुली असते. डिसेंबर २०२५ मध्ये अमेरिकी प्रशासनाने कार्यक्रम स्थगित करण्याची घोषणा केली.

इतिहास

अमेरिकेच्या १९६५ च्या स्थलांतर कायद्याने राष्ट्रीयत्वावर आधारलेली जुनी कोटा पद्धत रद्द केली आणि कौटुंबिक नाते व व्यावसायिक कौशल्य यांना प्राधान्य दिले. यामुळे आशियातील डॉक्टर, अभियंते व संशोधकांना अमेरिकेचे दार उघडले. पुढे त्यांचे नातलगही तेथे जाऊ लागले. ज्या देशांतील लोकांचे जवळचे नातलग अमेरिकेत नव्हते, त्यांना मात्र या व्यवस्थेत वाव उरला नाही. आयर्लंडमधील तरुणांचा प्रश्न त्या काळी विशेष चर्चेत होता. १९८६ च्या कायद्याने अशा देशांसाठी एक तात्पुरती योजना आणली. त्यानंतर १९९० च्या स्थलांतर कायद्याने विविधता व्हिसाची तरतूद केली. राष्ट्राध्यक्ष जॉर्ज एच. डब्ल्यू. बुश यांनी २९ नोव्हेंबर १९९० रोजी या कायद्यावर स्वाक्षरी केली. १९९२ ते १९९४ हा संक्रमणकाळ होता आणि १९९५ या वित्तीय वर्षापासून कार्यक्रम सध्याच्या स्वरूपात सुरू झाला.

मे २०११ मध्ये संगणकीय दोषामुळे निवड यादृच्छिक झाली नसल्याचे आढळले. तेव्हा जाहीर झालेला निकाल रद्द करून सोडत नव्याने काढण्यात आली.

देशांची पात्रता

मागील पाच वर्षांत ज्या देशातून कौटुंबिक व नोकरीविषयक प्रवर्गांत मिळून ५०,००० हून अधिक लोक अमेरिकेत कायमचे स्थलांतरित झाले असतील, तो देश त्या वर्षीच्या सोडतीतून वगळला जातो. ही यादी दरवर्षी नव्याने ठरते. भारत ही मर्यादा कितीतरी पटींनी ओलांडत असल्याने तो सातत्याने वगळलेल्या देशांत मोडतो. चीन, पाकिस्तान, फिलिपिन्स व मेक्सिको यांची स्थितीही अशीच आहे. बांगलादेश २०१३ च्या, तर नायजेरिया २०१५ च्या कार्यक्रमापासून अपात्र ठरला. नेपाळ, भूतान, श्रीलंका आणि मालदीव हे भारताचे शेजारी पात्र देशांच्या यादीत राहिले आहेत. नेपाळमधून दरवर्षी हजारो अर्जदारांची निवड होत आली आहे. शेजारच्या देशातील या वार्तांमुळे भारतीयांनाही सोडत खुली असल्याचा समज पसरतो.

पात्र देशांची सहा भौगोलिक विभागांत वाटणी केली जाते. कमी स्थलांतर असलेल्या विभागास अधिक व्हिसा मिळतात. कोणत्याही एका देशास एकूण उपलब्ध व्हिसांच्या ७ टक्क्यांहून अधिक व्हिसा मिळत नाहीत.

जन्मदेशाचा नियम

अर्जदाराची गणना त्याच्या जन्मदेशाच्या खात्यावर होते. त्याचे सध्याचे नागरिकत्व, पारपत्र अथवा राहण्याचे ठिकाण यांचा या गणनेशी संबंध नसतो. अकोट येथे जन्मलेली व्यक्ती पुढे पुण्यात, दुबईत वा सिंगापुरात स्थायिक झाली, किंवा तिने दुसऱ्या देशाचे नागरिकत्व घेतले, तरी या सोडतीपुरता तिचा जन्मदेश भारतच राहतो. या नियमाला दोन अपवाद आहेत.

पहिला अपवाद जोडीदाराचा आहे. पती किंवा पत्नीचा जन्म पात्र देशात झाला असेल, तर अर्जदार त्या देशाच्या खात्यावर अर्ज करू शकतो. त्यासाठी दोघांची नावे एकाच अर्जात असणे, दोघांनाही व्हिसा मिळणे आणि दोघांनी एकत्र अमेरिकेत प्रवेश करणे आवश्यक असते.

दुसरा अपवाद आईवडिलांचा आहे. अर्जदाराच्या जन्माच्या वेळी त्याचे आई किंवा वडील यांपैकी कोणीही त्या देशात जन्मलेले किंवा तेथील रहिवासी नसतील, तर त्याला आईच्या वा वडिलांच्या जन्मदेशाचा आधार घेता येतो. शिक्षणासाठी काही काळ पुण्यात राहिलेल्या श्रीलंकेच्या दाम्पत्यास तेथे अपत्य झाले, तर ते अपत्य श्रीलंकेच्या खात्यावर अर्ज करू शकते. भारतात जन्मलेल्या आईवडिलांच्या अपत्याला या अपवादाचा उपयोग होत नाही.

मराठी कुटुंबांच्या संदर्भात

नियमाचा प्रत्यक्ष परिणाम पुढील उदाहरणांवरून स्पष्ट होतो.

आखाती देशांतील कुटुंबे : ओमान, कुवेत, संयुक्त अरब अमिरात या देशांत नोकरीनिमित्त राहणाऱ्या भारतीयांच्या मुलांना तेथील नागरिकत्व सहसा मिळत नाही. ती भारतीय पारपत्रावरच वाढतात. तरीही मस्कतमध्ये जन्मलेल्या मुलाची गणना ओमानच्या खात्यावर होते आणि ओमान त्या वर्षी पात्र असल्यास, इतर अटी पूर्ण करून, तो अर्ज करू शकतो.

माहेरचे बाळंतपण : पहिल्या बाळंतपणासाठी माहेरी येण्याची प्रथा महाराष्ट्रात रूढ आहे. त्यामुळे एकाच दाम्पत्याचे थोरले अपत्य अकोटला आणि धाकटे मस्कतला जन्मलेले असू शकते. अशा वेळी धाकटे अपत्य पात्र आणि थोरले अपात्र ठरते.

बेने इस्रायल : कोकणातून व मुंबईतून इस्रायलला गेलेल्या मराठी भाषक ज्यूंपैकी ज्यांचा जन्म भारतात झाला, त्यांचा जन्मदेश इस्रायली नागरिकत्वानंतरही भारतच मानला जातो. इस्रायलमध्ये जन्मलेल्या त्यांच्या मुलांची गणना मात्र इस्रायलच्या खात्यावर होते.

मॉरिशसमधील मराठी समाज : या समाजाचे पूर्वज एकोणिसाव्या शतकात तेथे गेले. मॉरिशसमध्ये जन्मलेल्या व्यक्ती आफ्रिका विभागातून अर्ज करतात.

गोमंतकीय पोर्तुगीज नागरिक : गोव्यातील अनेकांनी पूर्वजांच्या आधारे पोर्तुगीज नागरिकत्व घेतले आहे. परंतु मडगाव वा म्हापसा येथे जन्मलेल्या भारतीय दाम्पत्याच्या अपत्यास केवळ पोर्तुगीज पारपत्रामुळे सोडतीची पात्रता लाभत नाही.

वैयक्तिक पात्रता

देशाच्या पात्रतेखेरीज अर्जदाराने पुढीलपैकी एक अट पूर्ण करावी लागते : बारा वर्षांचे औपचारिक शालेय शिक्षण (भारतात बारावी उत्तीर्ण), अथवा किमान दोन वर्षांचे प्रशिक्षण लागणाऱ्या व्यवसायात मागील पाच वर्षांपैकी दोन वर्षांचा अनुभव. कोणते व्यवसाय यासाठी ग्राह्य आहेत, हे अमेरिकेच्या श्रम खात्याच्या वर्गवारीवरून ठरते.

अर्जाची पद्धत

पुढील वर्णन स्थगितीपूर्वीच्या फेऱ्यांतील पद्धतीचे आहे.

अर्ज सर्वसाधारणपणे ऑक्टोबरच्या प्रारंभापासून नोव्हेंबरच्या प्रारंभापर्यंत, केवळ परराष्ट्र खात्याच्या अधिकृत संकेतस्थळावर स्वीकारले जात. कागदी अर्ज चालत नाही. २०२६ च्या कार्यक्रमापर्यंत अर्ज निःशुल्क होता. त्यानंतर २०२५ मध्ये १ डॉलर नोंदणी शुल्काचा नियम करण्यात आला. वैध पारपत्राचा क्रमांक देण्याची सक्ती २०१९ मध्ये लागू झाली होती. ती न्यायालयाने २०२२ मध्ये रद्द ठरवली आणि २०२५ मध्ये ती पुन्हा प्रस्तावित झाली.

अर्जात नाव, जन्मदिनांक, जन्माचे शहर, जन्मदेश, शिक्षण, वैवाहिक स्थिती आणि कुटुंबाचा तपशील भरावा लागतो. प्रत्येक व्यक्तीचे मागील सहा महिन्यांतील, पांढऱ्या पार्श्वभूमीवरील, चष्म्याविना काढलेले छायाचित्र जोडावे लागते. अर्ज पुढील कारणांमुळे बाद होतात :

१. एका व्यक्तीने एकाहून अधिक अर्ज करणे. पती व पत्नी दोघेही पात्र असल्यास प्रत्येकाला स्वतंत्र अर्ज करता येतो.
२. जोडीदाराचे अथवा एकवीस वर्षांखालील अविवाहित अपत्याचे नाव वगळणे. ते अमेरिकेला जाणार नसले तरी नाव देणे बंधनकारक असते.
३. जुने, अस्पष्ट अथवा फेरफार केलेले छायाचित्र जोडणे.

अर्ज स्वीकारला गेल्यावर एक पुष्टी क्रमांक मिळतो. निकाल पाहण्यासाठी तो आवश्यक असतो, म्हणून अर्ज दुसऱ्याकडून भरून घेतला तरी हा क्रमांक अर्जदाराने स्वतःजवळ ठेवणे महत्त्वाचे ठरते.

निकाल व त्यानंतरचे टप्पे

निकाल पुढील वर्षीच्या मे महिन्यात त्याच संकेतस्थळावर पाहता येई. निवड होणे म्हणजे व्हिसा मिळणे नव्हे. काही निवडलेले लोक माघार घेतात वा अपात्र ठरतात, हे गृहीत धरून उपलब्ध व्हिसांहून अधिक जणांची निवड केली जाते. २०२५ च्या कार्यक्रमासाठी सुमारे २ कोटी पात्र अर्ज आले होते. त्यांतून कुटुंबीयांसह सुमारे १ लाख ३१ हजार जणांची निवड झाली.

निवड झालेल्या व्यक्तीस डीएस-२६० हा ऑनलाइन अर्ज भरावा लागतो. तिचा विभागीय अनुक्रमांक आल्यावर अमेरिकेच्या दूतावासात अथवा वाणिज्य दूतावासात मुलाखत होते. मुलाखतीच्या टप्प्यावर प्रत्येक व्यक्तीमागे ३३० डॉलर शुल्क असून व्हिसा नाकारला गेल्यास ते परत मिळत नाही. अधिकृत डॉक्टरांकडून वैद्यकीय तपासणीही करून घ्यावी लागते. संपूर्ण प्रक्रिया त्या वित्तीय वर्षाच्या अखेरीपर्यंत, म्हणजे ३० सप्टेंबरपर्यंत पूर्ण व्हावी लागते. त्यानंतर निवडीचा हक्क संपुष्टात येतो आणि तो पुढील वर्षी वापरता येत नाही.

लागणारी भारतीय कागदपत्रे

जोडीदार म्हणून जाणाऱ्या भारतात जन्मलेल्या व्यक्तीलाही स्वतःची कागदपत्रे सादर करावी लागतात. जन्म प्रमाणपत्र जन्मस्थळाच्या नोंदणी अधिकाऱ्याकडून मिळते. अकोट शहरातील जन्माची नोंद नगर परिषदेकडे, तर तालुक्यातील खेड्यांतील नोंद ग्रामपंचायतीकडे असते. जन्म-मृत्यू नोंदणी अधिनियम, १९६९ हा महाराष्ट्रात १ एप्रिल १९७० पासून अमलात आला. वऱ्हाडात त्यापूर्वीच्या जन्मांसाठी तहसील कार्यालयातील कोतवाल बुकाची नक्कल पाहिली जाते. नोंद मुळीच न आढळल्यास सक्षम अधिकाऱ्याचे तसे प्रमाणपत्र आणि आईवडिलांचे वा जवळच्या ज्येष्ठ नातलगांचे प्रतिज्ञापत्र दिले जाते.

भारतातील पोलीस पडताळणी प्रमाणपत्र पारपत्र कार्यालयाकडून मिळते. अकोला व अमरावती हे जिल्हे नागपूरच्या प्रादेशिक पारपत्र कार्यालयाच्या कक्षेत येतात. वयाच्या सोळाव्या वर्षानंतर ज्या अन्य देशात एक वर्ष वा अधिक काळ वास्तव्य झाले असेल, तेथील पोलिसांचे प्रमाणपत्रही लागते. विवाहानंतर बदललेले नाव, तसेच वडिलांचे वा पतीचे नाव कोठे मधले नाव म्हणून लिहिलेले आणि कोठे गाळलेले असणे, यांमुळे मराठी नावांत तफावत उद्भवते. त्यासाठी विवाह प्रमाणपत्र किंवा राजपत्रातील नावबदलाची अधिसूचना उपयोगी पडते.

अन्य ‘लॉटरी’शी होणारी गल्लत

माहिती तंत्रज्ञान क्षेत्रात ‘लॉटरी लागली’ असे म्हटले जाते, ते बहुधा एच-१बी या तात्पुरत्या कार्यव्हिसाबद्दल असते. त्याची वार्षिक मर्यादा ८५,००० असून नोंदणी उमेदवार नव्हे, तर अमेरिकेतील नियोक्ता करतो. भारतात जन्मलेली व्यक्ती त्यास पात्र असते, परंतु त्यातून थेट ग्रीन कार्ड मिळत नाही.

भारतात जन्मलेल्यांना ग्रीन कार्डसाठी मुख्यतः नोकरी अथवा कुटुंब हे दोन मार्ग आहेत. तेथेही प्रतिदेश ७ टक्क्यांची मर्यादा लागू असल्याने प्रतीक्षा दीर्घ असते. ऑक्टोबर २०२४ मध्ये नोकरीच्या दुसऱ्या व तिसऱ्या प्रवर्गांत भारतीयांसाठी २०१२ सालचे, तर अमेरिकी नागरिकांच्या भावंडांच्या प्रवर्गात २००६ सालचे अर्ज विचारात घेतले जात होते. जोडीदाराच्या जन्मदेशाचा नियम या प्रवर्गांतही लागू असल्याने, अन्य देशात जन्मलेल्या व्यक्तीशी विवाह झालेल्यांची प्रतीक्षा कमी होऊ शकते.

फसवणूक

या कार्यक्रमाच्या नावाने जगभर फसवणूक होते. ‘आपली निवड झाली आहे, व्हिसा शुल्क त्वरित पाठवा’ असा ईमेल वा संदेश हा तिचा नेहमीचा प्रकार होय. अमेरिकी सरकार निवडीची सूचना ईमेलने, पत्राने अथवा दूरध्वनीने देत नाही. ज्याने अर्जच केलेला नाही, त्याची निवड होऊ शकत नाही. शुल्क भरून निवडीची शक्यता वाढवणारी कोणतीही सेवा अस्तित्वात नाही. अमेरिकी सरकारच्या संकेतस्थळांचे पत्ते ‘डॉट गव्ह’ने संपतात.

भारतात जन्मलेल्या व्यक्तीला ‘सोडतीत नाव घालून देतो’ असे सांगून पैसे घेणाऱ्याचा दावा मुळातच निराधार असतो, कारण जोडीदार वा आईवडिलांचा अपवाद लागू नसल्यास असा अर्ज पुढे अपात्रच ठरतो. अर्जात जन्मस्थळ खोटे नोंदवणे अथवा कागदोपत्री विवाह दाखवणे ही अमेरिकेच्या कायद्यानुसार फसवणूक असून त्यामुळे भविष्यातील व्हिसाचा मार्गही कायमचा बंद होऊ शकतो. भारतात ऑनलाइन आर्थिक फसवणुकीची तक्रार १९३० या राष्ट्रीय मदत क्रमांकावर, राष्ट्रीय सायबर गुन्हे संकेतस्थळावर किंवा नजीकच्या पोलीस ठाण्यात करता येते. फसवणुकीचा गुन्हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८ खाली येतो.

टीका व स्थगिती

नातलग वा नियोक्ता नसलेल्या सामान्य माणसाला संधी देणारा हा जवळपास एकमेव मार्ग आहे, असे समर्थकांचे म्हणणे आहे. गुणवत्तेऐवजी योगायोगावर निवड करणे अयोग्य असून पडताळणीतही त्रुटी राहतात, अशी विरोधकांची भूमिका आहे. ३१ ऑक्टोबर २०१७ रोजी न्यूयॉर्कमध्ये ट्रकने माणसे चिरडणारा हल्लेखोर या कार्यक्रमाद्वारे आला होता. त्यानंतर राष्ट्राध्यक्ष डोनाल्ड ट्रम्प यांनी तो बंद करण्याची मागणी केली. डिसेंबर २०२५ मध्ये ब्राउन विद्यापीठात झालेल्या गोळीबारातील संशयिताला २०१७ मध्ये याच कार्यक्रमातून ग्रीन कार्ड मिळाल्याचे समोर आल्यावर स्थगितीची घोषणा झाली. मात्र या कार्यक्रमाची तरतूद संसदेने संमत केलेल्या कायद्यात असल्याने तो कायमचा रद्द करण्यासाठी कायद्यात दुरुस्ती आवश्यक आहे.