कृपेच्या दारी पहारा

मिस्साविधीत ख्रिस्तशरीर स्वीकारण्याची वेळ आली की बाके रिकामी होतात. मागच्या बाकावर मात्र कुणीतरी मान खाली घालून बसून राहते. पुढे केव्हातरी आम्ही विचारपूस केली, तर उत्तर येते, "फादर, आमची तेवढी लायकी कुठे?" कधी त्यामागे कुमसाराची खरीच गरज असते. परंतु पुष्कळदा महापाप कोणतेच नसते, असते ती केवळ भीती. ह्या भीतीला मोठा इतिहास आहे.

मध्ययुगात भाविक वेदीपासून इतके दुरावले की १२१५ च्या चौथ्या लॅटरन परिषदेला, वर्षातून निदान एकदा ईस्टरच्या सुमारास ख्रिस्तशरीर घ्यावे, असा दंडक घालावा लागला. १५६२ मध्ये ट्रेंट परिषदेने एक पाऊल पुढे टाकले. प्रत्येक मिस्साला उपस्थित असलेल्यांनी ते स्वीकारावे, अशी इच्छा तिने प्रकट केली.

पण पुढच्याच शतकात वारे उलटे वाहिले. ईप्रचे बिशप कॉर्नेलियस यान्सेन ह्यांचा संत ऑगस्टीनविषयीचा ग्रंथ त्यांच्या निधनानंतर १६४० मध्ये प्रसिद्ध झाला. कृपेवाचून मनुष्य काहीच करू शकत नाही, हे त्यांचे म्हणणे ख्रिस्तसभेच्या श्रद्धेला धरूनच होते. परंतु त्यांच्या अनुयायांच्या विचारात ती कृपा मोजक्या निवडलेल्यांपुरती आकसली. १६४३ मध्ये आंत्वान आर्नो ह्यांनी वारंवार कम्युनियन घेण्याविषयी पुस्तक लिहिले. आधी दीर्घ प्रायश्चित्त, मग पापक्षमा आणि मग वेदी, असा त्यांचा आग्रह होता. वेदीपासून दूर राहणे हेही प्रायश्चित्तच ठरू लागले.

इतिहासाचा विरोधाभास असा की, कृपेचा जयघोष करणाऱ्यांनीच कृपेच्या दारी पहारा बसवला. कृपा ही देणगी न राहता शुद्धतेच्या परीक्षेचे बक्षीस झाली.

न्यायाने हेही सांगितले पाहिजे की, कायद्याचा हट्ट एकाच बाजूला नव्हता. पोर्ट-रॉयल मठातील भगिनींनी यान्सेनविरोधी प्रतिज्ञापत्रावर सही करण्यास नकार दिला, तेव्हा १६६४ मध्ये त्यांना संस्कारांपासून वंचित ठेवण्यात आले. १७०९ मध्ये राजा चौदाव्या लुईच्या आज्ञेने उरलेल्या भगिनींना मठाबाहेर काढण्यात आले आणि नंतर मठही पाडण्यात आला. चूक सुधारायला निघालेल्यांनाही करुणेचा विसर पडला होता.

ख्रिस्तसभेने सिद्धान्तातील चूक वेळोवेळी दाखवून दिली. ज्यांच्या अंतःकरणात परमेश्वरावरील निर्भेळ प्रीती नाही त्यांना वेदीपासून दूर ठेवावे, हे मत १६९० मध्ये पोप आठवे अलेक्झांडर ह्यांच्या काळात निषिद्ध ठरले. परंतु मनातील धास्ती आणखी दोन शतके टिकली. अखेर २० डिसेंबर १९०५ रोजी संत दहावे पायस ह्यांच्या कारकिर्दीत आज्ञापत्र निघाले. दररोज ख्रिस्तशरीर घेण्यासाठी कृपावस्था आणि शुद्ध हेतू एवढ्याच दोन अटी त्यात ठेवल्या होत्या. ते सद्गुणांचे पारितोषिक नसून दुर्बलांचे औषध आहे, हा त्याचा गाभा होता. १९१० च्या आज्ञापत्राने सात वर्षांच्या आसपासच्या, समज आलेल्या मुलांनाही हे दार उघडले. आज आपली बालके शुभ्र पोशाखात प्रथम कम्युनियनला उभी राहतात, ती त्यामुळेच.

कृपा फुकट आहे, म्हणून ती स्वस्त नव्हे. महापाप घडले असेल तर कुमसाराची पायरी आहेच. पण ती पायरी आत नेण्यासाठी आहे, बाहेर रोखण्यासाठी नव्हे. आम्हा धर्मगुरूंनीही स्वतःला विचारले पाहिजे की, आम्ही दारावरचे यजमान आहोत की पहारेकरी?

प्रत्येक मिस्सात आपण शुभवर्तमानातील त्या रोमी शताधिपतीच्या शब्दांत आपली अपात्रता कबूल करतो. ती कबुली देऊन आपण घरी परतत नाही, तर तिच्यानंतर लगेच वेदीकडे निघतो. मागच्या बाकावरील त्या माणसाला आमचे एवढेच सांगणे आहे की, आपली लायकी नाही हे खरे, आणि ती कुणाचीच नाही. म्हणूनच तर हे निमंत्रण आहे.