खानेसुमारीत आपला पणजोबा का सापडत नाही?

चुलतबहिणीच्या जातपडताळणीसाठी वंशावळ जोडायची होती. घरात पीएचडी करणारी मी एकटीच, म्हणून कागद शोधायचं काम आपोआप माझ्याकडे आलं. आम्ही वसई पूर्वेचे आगरी. ओबीसीसाठी १३ ऑक्टोबर १९६७ च्या आधीचा, जात लिहिलेला पुरावा लागतो. पहिला विचार आला तो जनगणनेचा. सरकारने घरोघरी जाऊन माणसं मोजली, मग पणजोबांचं नाव कुठेतरी असणारच!

इथेच माझी पहिली चूक झाली. आपल्याकडे १८७२ ला जनगणनेला सुरुवात झाली आणि १७ फेब्रुवारी १८८१ ला देशभर एकाच वेळी मोजणी झाली. पण त्यातून आपल्या हाती येतात ते तक्ते : धर्म, जात, वय, व्यवसाय यांचे आकडे. नावं नाहीत. १९४८ च्या जनगणना कायद्याचं कलम १५ तर सांगतं की ही पत्रकं कुणाला पाहता येणार नाहीत आणि कोर्टात पुरावा म्हणूनही चालणार नाहीत.

अमेरिकेत उलट आहे. तिथे ७२ वर्षांनी जनगणनेची पानं नावांसकट खुली होतात. १९५० ची पानं २०२२ मध्ये आली. मूळनिवासी जमातींच्या तर १८८५ ते १९४० या काळात वेगळ्या याद्या होत्या. विनेबागो (ते स्वतःला हो-चंक म्हणतात) जमातीच्या यादीत नाव, वय, कुटुंबप्रमुखाशी नातं असतं, आणि अनेक वर्षांच्या यादीत त्या माणसाचा मागच्या वर्षीचा क्रमांकही. तो क्रमांक का महत्त्वाचा? कारण त्यांच्यात जन्मक्रमावरून नाव ठेवतात. पहिला मुलगा ‘कुनू’. म्हणजे घरोघरी कुनू! नुसत्या नावावरून माणूस ओळखायला गेलात की फसलात.

मी अगदी तशीच फसले.

आपल्याकडे नावं मिळतात ती दुसऱ्या कागदांत : कोतवाल बुकातली जन्म-मृत्यूची नोंद, शाळेचं जनरल रजिस्टर, सातबारा आणि फेरफार. पश्चिम पट्ट्यातल्या ख्रिस्ती घरांसाठी चर्चच्या बाप्तिस्मा आणि लग्नाच्या वह्या. १५६३ मध्ये ट्रेंटच्या धर्मपरिषदेने अशा वह्या बंधनकारक केल्या. वसईवर पोर्तुगीज अंमल १५३४ ते १७३९. पण कुठल्या पॅरिशमध्ये किती जुनी वही टिकली आहे, ते तिथे जाऊनच बघावं लागतं. शिवाय डिसोझा, परेरा, लोपीस यांची गर्दी आहेच.

मला कोतवाल बुकात पणजोबांच्या नावापुढे ‘मुलगा’ झाल्याची मोडीतली नोंद मिळाली. जात आगरी, गाव बरोबर. बाळाचं नाव लिहिलेलं नव्हतं. आजोबांच्या शाळेच्या दाखल्यातली जन्मतारीख दोन वर्षांनी वेगळी होती, पण मी मनाशी म्हटलं, ‘तेव्हा गुरुजी अंदाजानेच तारीख लिहायचे.’ खरं आहे ते. पण मला हवं तेच उत्तर मिळत होतं, म्हणून ते इतक्या पटकन पटलं.

मग वारसाचा फेरफार काढला. त्यात त्याच नावाचे दोन माणसं निघाली, वडील वेगवेगळे. सख्ख्या दोन भावांनी आपापल्या मुलाला आजोबांचंच नाव ठेवलेलं! माझी नोंद चुलत शाखेची होती. ती तशीच जोडली असती तर वंशावळीच्या प्रतिज्ञापत्रावर काकांची खोटी सही झाली असती, आणि भोगावं बहिणीला लागलं असतं.

मी मूळची रसायनशास्त्राची. क्रोमॅटोग्राफीत दोन पदार्थ एकाच वेळेला बाहेर येऊ शकतात, म्हणून नुसती वेळ जुळली की पदार्थ तोच, असं आम्ही कधीच म्हणत नाही. दुसऱ्या पद्धतीने खात्री करतो. प्रयोगशाळेत रोज पाळलेला नियम मी घरच्या कामात विसरले.

तुम्ही असं काम करणार असाल तर एवढं करा. आजपासून मागे जा, एकेक पिढी. प्रत्येक जोडणीला नावाशिवाय निदान दोन खुणा हव्यात : वडिलांचं नाव, बायकोचं नाव, गट नंबर, भावंडं. एक कागद दुसऱ्यावरून उतरवलेला असेल तर ते दोन पुरावे नव्हेत, एकच. आणि न जुळणारी नोंद वहीत वेगळी लिहून ठेवा, तिला लगेच कारण देऊ नका. जनगणनेचे तक्ते फेकू नका. गावात त्या काळी कोण राहत होतं, काय करत होतं, हे त्यातूनच कळतं.

आमची खरी नोंद शेवटी त्याच कोतवाल बुकात, काही पानं पुढे निघाली. तारीख शाळेच्या दाखल्याशी जुळली. पहिली नोंद मिळाल्यावर मी पान उलटलंच नव्हतं.