७ जून १९६८ : डॅगनमची शिलाई यंत्रे थांबली
लंडनमधल्या डॅगनम येथील फोर्डच्या कारखान्यात मोटारींच्या आसनांची कव्हरे शिवणाऱ्या १८७ स्त्रियांनी या दिवशी संप पुकारला. तुकड्याला तुकडा जोडून आसनावर चपखल बसेल असे कव्हर शिवणे हे कसबी हातांचेच काम. कंपनीने मात्र ते कमी कौशल्याच्या श्रेणीत टाकले होते; त्यातही त्या श्रेणीतल्या पुरुषाच्या ८५ टक्केच मजुरी! कव्हरांचा साठा संपला आणि अख्ख्या कारखान्यातले मोटारींचे उत्पादन अडले. तीन आठवड्यांनी मंत्री बार्बरा कॅसल यांनी संपकरी स्त्रियांना चहाला बोलावून तोडगा काढला. मजुरी ९२ टक्क्यांवर गेली. ब्रिटनच्या १९७०च्या समान वेतन कायद्याची वाट या बायकांनीच मोकळी केली. हक्काची वरची श्रेणी मात्र त्यांना १९८४मध्ये, पुन्हा संप केल्यावरच मिळाली.