एक ओंजळ पाणी आणि तीन वर्षं



महाडचं चवदार तळं आपल्या सगळ्यांना शाळेच्या पुस्तकातून माहीत असतं. २० मार्च १९२७, डॉ. आंबेडकर, पाण्याचा सत्याग्रह. गाळलेल्या जागा भरा, दोन गुण, पुढचा धडा. आमचं मूळ गाव पोलादपूरच्या वरच्या अंगाला, त्यामुळे गावी जाताना महाड लागतंच. इतकी वर्षं त्या तळ्याजवळून जातोय, पण डोक्यात प्रश्न यायला नोकरी लागून, मानसशास्त्राची पुस्तकं वाचायचा नाद लागावा लागला. प्रश्न साधाच आहे. त्या दिवशी आणि त्याच्या आगेमागे लोकांच्या *मनात* काय चाललं होतं? भीती, राग, किळस. म्हणजे आपल्याला रोज ऑफिसात आणि घरात भेटणाऱ्या भावनाच. इतिहासाच्या पुस्तकात तारखा असतात, भावनांना कोणी तारखा घालत नाही.

तर आधी तारखा.

४ ऑगस्ट १९२३ ला सी. के. बोले म्हणजे सीताराम केशव बोले यांचा ठराव मुंबई विधिमंडळात मंजूर झाला. सरकारी खर्चाने बांधलेले किंवा सरकार चालवत असलेले पाणवठे, विहिरी, धर्मशाळा अस्पृश्यांना खुल्या. जानेवारी १९२४ मध्ये महाड नगरपालिकेनेही आपलं तळं सर्वांना खुलं असल्याचा ठराव केला. झालं. कागदावर प्रश्न सुटला. (आमच्या धंद्यात याला 'तिकीट क्लोज केलं' म्हणतात.)

आणि मग तीन वर्षं काहीच घडलं नाही. तळं तिथंच होतं, ठराव दप्तरात होता, आणि एकही अस्पृश्य माणूस तिथं पाणी प्यायला गेला नाही. १९ आणि २० मार्च १९२७ ला महाडात कुलाबा जिल्हा बहिष्कृत परिषद भरली. रामचंद्र बाबाजी मोरे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिच्यासाठी गावोगाव पायपीट केली होती. तेव्हासुद्धा मांडवात जमलेल्या काही हजार लोकांसाठी पाणी विकत घ्यावं लागलं. चाळीस रुपयांचं पाणी! १९२७ चे चाळीस रुपये, आणि तेही कायद्याने खुलं असलेलं तळं हाकेच्या अंतरावर असताना.

का बरं?

इथे मानसशास्त्रातला एक फार गाजलेला प्रयोग आठवतो. १९६७ मध्ये अमेरिकेत मार्टिन सेलिगमन आणि स्टीव्हन मायर यांनी कुत्र्यांना विजेचे झटके दिले, असे की त्यांनी काहीही केलं तरी ते थांबत नव्हते. नंतर त्याच कुत्र्यांना अशा खोक्यात ठेवलं जिथं मधला बुटका अडसर ओलांडला की झटका बंद. बऱ्याच कुत्र्यांनी तो ओलांडलाच नाही. ती बसून राहिली. याला त्यांनी 'शिकलेली हतबलता' असं नाव दिलं.

हे उदाहरण इथे देताना मला संकोच वाटतो, आणि वाटायलाच हवा. माणसं म्हणजे प्रयोगशाळेतले प्राणी नव्हेत. दुसरं असं, की महाडच्या परिसरातल्या लोकांची भीती हा काही मनाचा खेळ नव्हता. पाण्याला हात लावला तर मार बसणार, गावात काम बंद होणार, दुकानदार मीठ-तेल देणार नाही, हे सगळं अगदी खरं होतं. ज्याच्या घरी साठवलेलं धान्य नाही त्याने असा हिशोब करून घरी बसणं याला हतबलता नाही, शहाणपण म्हणतात. तेव्हा 'लोक दबलेले होते म्हणून गेले नाहीत' असं जे सहज लिहिलं जातं ते मला पटत नाही.

मग प्रयोग सांगितला कशाला? तर त्याच्या पुढच्या भागासाठी. २०१६ मध्ये, म्हणजे जवळजवळ पन्नास वर्षांनी, मायर आणि सेलिगमन यांनी स्वतःचाच सिद्धांत उलटा केला. मधल्या काळात मेंदूवर झालेलं संशोधन बघून ते म्हणाले, हतबलता *शिकावी* लागतच नाही. लांबत जाणाऱ्या त्रासापुढे गप्प बसणं हीच मेंदूची मूळची, डीफॉल्ट प्रतिक्रिया आहे. शिकावं लागतं ते दुसरंच: आपण काही केलं तर फरक पडतो, हे. आणि ते ऐकून शिकता येत नाही, करून बघावं लागतं. ऑफिसात तीनदा सूचना फेटाळल्या गेल्यावर चौथ्या मीटिंगमध्ये गप्प बसणारा हुशार पोरगा तुम्ही पाहिला असेल. त्याला 'बोलत जा रे' असं सांगून काही होत नाही. एकदा त्याच्या सूचनेने खरोखर काही बदललं की मग बघा!

२० मार्चला सकाळी परिषद संपत आली, आभार मानायची वेळ झाली, आणि अनंतराव चित्रे यांनी सुचवलं की आत्ताच्या आत्ता सगळ्यांनी तळ्यावर जाऊन पाणी प्यायचं. लोक रांगेने निघाले. डॉ. आंबेडकर आधी पाण्याला गेले, मग बाकीचे. ठरावाला जे तीन वर्षांत जमलं नाही ते एका सकाळच्या चालण्याने झालं.

(थोडं विषयांतर. बाबासाहेब कोलंबिया विद्यापीठात जॉन ड्यूईंचे विद्यार्थी होते. ड्यूईंचं माणसाच्या स्वभावावर आणि वागण्यावरचं पुस्तक १९२२ चं. त्यात त्यांनी असं मांडलंय की सवय नुसत्या इच्छेने मोडत नाही, ती ज्या परिस्थितीवर उभी असते ती बदलावी लागते. ते पुस्तक महाडला कोणाच्या डोक्यात होतं असं मी म्हणत नाही. पण गुरू-शिष्यांची जातकुळी एक होती एवढं नक्की.)

बरं, तळ्यावर मारामारी झाली का? नाही! ही गोष्ट मला फार विचार करायला लावते. हजारो लोक बाजारातून गेले, पाणी प्यायले, परत आले. डोळ्यांदेखत घडलं, आणि गाव बघत राहिलं. हल्ला झाला तो त्यानंतर, काही तासांनी, आणि तो पाण्यावरून नव्हे तर एका अफवेवरून: आता हे लोक वीरेश्वराच्या देवळात घुसणार. पोलीस डाक बंगल्यावर आंबेडकरांना भेटले, त्यांनी असा काही बेत नाही म्हणून सांगितलं. पण तोवर लाठ्याकाठ्या निघाल्या होत्या. मांडवात मागे राहिलेले लोक जेवत होते, त्यांना मारलं, अन्न मातीत मिसळलं. गावी परतणाऱ्यांना वाटेत गाठलं. काहींनी मुसलमानांच्या घरात आसरा घेतला म्हणून ते वाचले.

अफवांवर गॉर्डन ऑलपोर्ट आणि लिओ पोस्टमन यांचं १९४७ चं पुस्तक प्रसिद्ध आहे. त्यांचं सूत्र असं: अफवेचा जोर म्हणजे विषयाचं महत्त्व *गुणिले* संदिग्धता. बेरीज नाही, गुणाकार. दोघांपैकी एक शून्य असेल तर उत्तर शून्य. तळ्यावर संदिग्धता नव्हतीच, जे होतं ते समोर दिसत होतं. देवळाच्या बाबतीत मात्र महत्त्व प्रचंड आणि खात्री कोणालाच नाही. गुणाकार कुठे गेला असेल विचार करा.

पण सूत्रावर सगळं ढकलून मोकळं होण्यात अर्थ नाही. अफवा रिकाम्या भांड्यात शिजत नाही. सकाळी गप्प बसलेल्यांच्या मनात राग होताच, पण 'पाणी का प्यायलात' म्हणून काठी उचलायला कारण थोडं तोकडं पडत होतं, कारण नगरपालिकेचा ठरावच तसा होता. 'देव बाटवतायत' म्हटल्यावर तोच राग पवित्र झाला. आपणही हेच करतो की. राग आधी येतो, कारण नंतर सापडतं, आणि आपण शपथेवर सांगतो की कारण आधी होतं.

दुसऱ्या बाजूच्या रागाबद्दल पुस्तकांत कमी लिहिलं जातं. डाक बंगल्यापाशी जमलेल्या लोकांत लष्करातून निवृत्त झालेले शिपाई होते. त्यांना हात चालवता येत नव्हते असं मुळीच नाही, आपली माणसं रक्तबंबाळ होऊन येताना ते बघत होते. आंबेडकरांनी त्यांना थांबवलं आणि ते थांबले. मार खाल्लेल्यांनी कोर्टाची वाट धरली आणि पुढे काही हल्लेखोरांना चार-चार महिन्यांची सक्तमजुरी झाली. राग गिळणं आणि राग दुसऱ्या कामाला लावणं यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. गिळलेला राग आत तसाच राहतो.

डिसेंबरात हीच परीक्षा पुन्हा झाली. ऑगस्टमध्ये नगरपालिकेने आपला १९२४ चा ठराव मागे घेतला होता. २५ डिसेंबर १९२७ ला दुसरी परिषद भरली. मांडवाला जागा मिळेना, ती फत्तेखान या मुसलमान गृहस्थांनी दिली. त्याच दिवशी मनुस्मृती जाळली गेली आणि तो ठराव मांडला गंगाधर नीळकंठ सहस्रबुद्धे यांनी, जे जन्माने ब्राह्मण होते. पण तळ्याबाबत कोर्टाचा मनाई हुकूम आलेला. जवळपास चार हजार जणांनी सत्याग्रहासाठी नावं नोंदवली होती, तुरुंगात जायची तयारी होती. त्यांना 'आत्ता नको' म्हणून पटवणं हे २० मार्चपेक्षा अवघड गेलं असणार. लोकांनी तळ्याला वळसा घालून मिरवणूक काढली, पाण्याला हात न लावता.

त्याच मुक्कामात बाबासाहेब बायकांशी स्वतंत्र बोलले. लुगडं ज्या पद्धतीने नेसता त्यावरून जात ओळखू येते, ते बदला; जाडजूड चांदी-कथलाचे दागिने टाका. हे ऐकून बायकांनी नेसण्याची पद्धत तिथल्या तिथे बदलली. वरवर किरकोळ वाटेल. पण लुगडं रोज सकाळी नेसायचं असतं. म्हणजे आपण केलं तर फरक पडतो, ही उजळणी रोज सकाळी!

आता राहिली किळस. माझ्या मते महाडच्या सगळ्या प्रकरणात सर्वांत चिवट भावना हीच.

मार्चच्या त्या प्रसंगानंतर तळं 'शुद्ध' केलं गेलं. १०८ घागरी पाणी बाहेर काढलं, त्यात शेण, गोमूत्र, दूध, दही मिसळलं, मंत्र म्हटले आणि ते परत तळ्यात ओतलं. सवयीने मी हिशोब करून पाहिला. हायकोर्टाच्या निकालात तळ्याचं क्षेत्रफळ चार ते पाच एकर दिलंय. साडेचार धरू. म्हणजे एक मीटर खोल पाणी धरलं तरी साधारण १ कोटी ८२ लाख लिटर. घागर १५ लिटरची धरली तर १०८ घागरी म्हणजे १,६२० लिटर. अकरा हजारांत एक भाग! एवढ्याने तळं शुद्ध होतं, आणि त्याआधी काही ओंजळींनी ते बाटतं.

हसू येतं, पण हसण्यावारी नेऊ नका. पॉल रोझिन नावाच्या मानसशास्त्रज्ञाने आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८६ मध्ये असे प्रयोग प्रसिद्ध केले. फळांच्या रसात मेलेलं पण निर्जंतुक केलेलं झुरळ क्षणभर बुडवून काढलं. झुरळ निर्जंतुक आहे हे लोकांना सांगितलेलं होतं. तरी ते रस प्यायला नको म्हणाले. यातून रोझिन सांगतात ते असं, की किळसेला प्रमाण कळत नाही. एकदा शिवलं म्हणजे शिवलं, थेंब काय आणि घागर काय. पुढच्या एका अभ्यासात हिटलरने घातलेला स्वेटर धुऊन दिला तरी घालायला लोक तयार नव्हते. म्हणजे लागण जंतूंची नाही, माणसाच्या नावाची.

झुरळाची किळस थोडीफार उपजत असेल. पण कोणाच्या स्पर्शाची किळस यायची हे समाज शिकवतो. चवदार तळ्याचं पाणी मुसलमान भरत असत, त्याने ते कधी बाटलं नाही. आमच्या गावी माझ्या लहानपणीही वरचा पाणवठा आणि खालचा पाणवठा होता. आजीला एकदा विचारलं होतं की खालचं पाणी का नाही भरायचं गं? तिने धर्म-बिर्म काही काढला नाही. म्हणाली, "मनाला येत नाय बाबा." आजी मायाळू बाई होती, आणि तिला खरोखरच येत नव्हतं. अडचण हीच आहे. भीतीला माणूस लाजतो, रागाचं निदान समर्थन तरी करावं लागतं. किळस स्वतःला पाण्याचाच गुण समजते.

कोर्टात मात्र 'मनाला येत नाही' चालत नाही, तिथे पुरावा लागतो. विरोधकांना सिद्ध करायचं होतं की अस्पृश्यांना तळ्यावर न येऊ देण्याची रूढी अनादी काळापासून आहे. महाडच्या कोर्टात ते हरले, ठाण्याला अपिलात हरले, आणि १७ मार्च १९३७ ला मुंबई हायकोर्टात न्या. ब्रूमफील्ड यांच्यापुढेही ती रूढी त्यांना सिद्ध करता आली नाही. त्या ओंजळीनंतर दहा वर्षं भरायला तीन दिवस कमी होते.

२०११-१२ च्या भारत मानव विकास सर्वेक्षणात देशभरातल्या सुमारे ४२,००० घरांना प्रश्न दोन टप्प्यांत विचारला होता. आधी, घरात कोणी अस्पृश्यता पाळतं का? नाही म्हणाले तर मग, दलित माणूस तुमच्या स्वयंपाकघरात आला किंवा त्याने तुमची भांडी वापरली तर चालेल का? दोन्ही मिळून सुमारे २७ टक्के घरांनी कुठे ना कुठे कबुली दिली. मला त्या दुसऱ्या प्रश्नाचं कौतुक वाटतं, कारण तो मतांबद्दल नाही, कपबशीबद्दल आहे. पुण्यात आमच्या इमारतीत कामाला येणाऱ्या मावशींचा चहाचा कप बहुतेक घरांत वेगळा असतो, ओट्याच्या कोपऱ्यात किंवा खिडकीत उपडा घातलेला. जातीचा विषय निघाला की सगळे हिरीरीने बोलतात, आणि कपाबद्दल विचारलं तर म्हणतात, "छे हो, तसं काही नाही, तो त्यांचाच आहे."

आमच्या घरी मावशी हाताला येईल तो कप घेतात. पहिले काही दिवस त्या खिडकीतलाच कप शोधत होत्या.