पाटीवरचे साधे अक्षर



ज्येष्ठ वद्यात माउलींची पालखी निघायची वेळ आली की आळंदीत दिंड्यांचे ट्रक दाटतात. प्रत्येकावर पाटी असते: रथापुढे की रथामागे, आणि खाली दिंडीचा क्रमांक. कित्येक पाट्यांवरील अक्षरे रंगाऱ्याच्या हातची असतात. सर्वत्र सारख्या जाडीची, उन्हापावसाने विटलेली. गर्दीत चुकलेली म्हातारी त्यांच्याच आधाराने आपल्या माणसांत परत येते. या साध्या अक्षराची कुळकथा आज सांगावयाची आहे.

देवनागरीचे जुने वळण बोरूने घडविले. बोरूचे टोक तिरपे कापलेले, म्हणून एक रेघ जाड उतरते, दुसरी बारीक. छपाई आली तरी हे वळण सुटले नाही. १८३१ साली गणपत कृष्णाजींनी मुंबईत पंचांग छापले ते शिळाछापावर, म्हणजे हाताने लिहिलेले अक्षर दगडावर उतरवून. बाळशास्त्री जांभेकरांची १८४५ सालची ज्ञानेश्वरीही शिळाछापच. पुढे जावजी दादाजी चौधरी लहानपणी छापखान्यात टाइप घासण्याच्या कामाला लागले आणि त्याच मुलाने १८६९ साली निर्णयसागर छापखाना उभारला. त्याचे टाइप घडविण्यात राणोजी रावजी आरू यांचा हात होता. बोरूचा डौल त्यांनी धातूत जपला.

सारख्या जाडीचे अक्षर मात्र कारखानदारीच्या युगाचे. रोमन अक्षरांच्या टोकांना बारीक आडवे पाय असतात. ते काढून टाकलेला टाइप लंडनच्या चौथ्या विल्यम कॅस्लनने १८१६ साली आपल्या नमुन्यांत दाखविला. १९१६ साली एडवर्ड जॉन्स्टनने लंडनच्या भुयारी रेल्वेसाठी तसेच साधे अक्षर रेखाटले. घाईतल्या उतारूला ते चटकन वाचता यावे, हा हेतू. आपल्या अक्षराला पाय नाहीत. तेव्हा आपल्याकडे साधेपणा म्हणजे जाडबारीकपणा टाकणे. ते काम पाट्या रंगविणाऱ्यांनी गावोगाव केले.

आमची शाळा लवकर सुटली. वाचन पक्के झाले ते कारखान्यांच्या फाटकांवरील पाट्यांवर. पुढे एका संपात रात्री भिंत रंगविताना आम्ही रंगाऱ्याला म्हटले, जरा नक्षीदार काढा. तो म्हणाला, "भाऊ, अक्षराला दागिने नकोत. रात्रपाळी करून येणाऱ्याचे डोळे जड असतात. त्याला चालता चालता कळले पाहिजे." सकाळी ती भिंत सर्वांनी वाचली. भिंतीवर त्याने सही केली नाही. केली असती तर त्याची रोजी गेली असती. पण आमच्या वहीत तरी? तेथे रंगाचा डबा मांडला आहे, चहा मांडला आहे. त्याचे नाव नाही. मजुराच्या नावासाठी भांडणाऱ्या आम्हीच ते वगळले.

आता फ्लेक्स आला आणि कुंचला बाजूला पडला. संगणकावर मात्र विटक्या, हाताने काढल्यासारख्या अक्षरांना मागणी आहे! झीज विकली जाते, झिजलेला हात नव्हे. याला एक चांगला अपवाद आहे. हनीफ कुरेशी (निधन २०२४) यांनी रंगाऱ्यांची अक्षरे गोळा करून त्यांचे संगणकीय टाइप केले, आणि टाइपांना रंगाऱ्यांचीच नावे दिली. त्यांतला एक 'पेंटर कफील'.

यंदा पालखीत रंगविलेली पाटी दिसली, तर तिचा खालचा कोपराही वाचा. तेथे बारीक अक्षरांत रंगाऱ्याचे नाव असेल. नसेल, तर दिंडीत विचारा आणि टिपून ठेवा. आमच्याकडून ते राहून गेले.