ताऱ्यांची थरथर आणि पुण्याचा आरसा

१/ औसा १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होते. त्या राज्याच्या राजधानीत, हैदराबादेत, नवाब जफर जंग यांनी १९०१ साली वेधशाळा स्थापन केली. आकाशाच्या जागतिक छायाचित्र-नकाशातील आपला वाटा उचलत या निजामिया वेधशाळेने सात लाखांहून अधिक ताऱ्यांची स्थाने नोंदवली. जगातल्या प्रत्येक वेधशाळेप्रमाणे तिच्याही वाटेत एक अडसर होता : हवा.

२/ उष्ण आणि थंड हवेच्या झुळकांतून येताना प्रकाश सतत किंचित वळतो. म्हणून तारा लुकलुकतो आणि छायाचित्रात त्याचा पसरट ठिपका उमटतो. एका अंशाचे ३६०० भाग केले की एक विकला होते. चांगल्या ठिकाणीही हा ठिपका साधारण एक विकला रुंद असतो. दीड मीटरचा आरसा हवेविना त्याच्या दहापट बारीक पाहू शकतो. आरसा वाढवला की प्रकाश वाढतो, रेखीवपणा मात्र हवा अडवून धरते.

३/ न्यूटनने १७०४ च्या ‘ऑप्टिक्स’ ग्रंथात एकच उपाय सुचवला होता : उंच पर्वतशिखरांवरची शांत हवा. पुण्यात १८८८ साली कावसजी दादाभाई नायगमवाला यांनी भावनगरच्या तख्तसिंहजी महाराजांच्या साहाय्याने वेधशाळा उभारली. तिची २० इंची दुर्बीण तेव्हा देशात सर्वांत मोठी होती. १९१२ मध्ये नायगमवाला निवृत्त झाले, वेधशाळा बंद पडली आणि दुर्बीण कोडाईकनालच्या डोंगरावर गेली.

४/ दुसरा उपाय होरेस बॅबकॉक यांनी १९५३ साली मांडला. हवेने प्रकाशाला किती वाकवले ते क्षणोक्षणी मोजावे आणि आरशाचा आकार नेमका उलट बदलावा. मात्र एवढ्या वेगाने गणित करणारी यंत्रे तेव्हा नव्हती.

५/ शीतयुद्धाने या कल्पनेला बळ दिले, पण तिच्यावर पडदाही टाकला. अमेरिकी सैन्याला परक्या उपग्रहांची स्पष्ट चित्रे हवी होती. मोजमापासाठी जवळ तेजस्वी तारा नसेल, तर लेसरने आकाशात कृत्रिम तारा निर्माण करण्याची युक्ती १९८२ पासून गुप्त ठेवली गेली. १९८५ मध्ये फ्रान्सच्या फोय आणि लाबेरी यांनी तीच युक्ती स्वतंत्रपणे प्रसिद्ध केली. अमेरिकेने पडदा उचलला तो १९९१ साली.

६/ आता पुणे पुन्हा या इतिहासात येते. पुण्याची आयुका आणि अमेरिकेतील कॅल्टेक यांनी मिळून ‘रोबो-एओ’ ही यंत्रणा घडवली. आयुकाकडून ए. एन. रामप्रकाश त्यात होते. २०११ मध्ये ती पालोमार येथील दीड मीटरच्या दुर्बिणीवर बसली. अतिनील लेसर सुमारे १० किलोमीटर उंचीवरच्या हवेतून परततो, त्यावरून बिघाड मोजला जातो आणि चिमुकला आरसा सेकंदाला शेकडो वेळा आकार बदलतो. माणसाच्या मदतीविना एका रात्रीत २०० हून अधिक तारे पाहता येतात.

७/ त्याचा उपयोग काय? केप्लर दुर्बिणीने ग्रह असण्याची शक्यता वर्तवलेले ७१५ तारे या यंत्रणेने २०१२ मध्ये तपासले. ताऱ्याला चिकटून दुसरा तारा लपला असेल, तर त्याचा प्रकाश मिसळून ग्रहाचा आकार चुकीचा निघतो. अस्पष्ट ठिपक्यात असे दोन तारे एकच भासतात.

८/ पुढे जुन्नरजवळच्या गिरवली वेधशाळेतील दोन मीटरच्या दुर्बिणीसाठीही अशीच यंत्रणा बांधण्याचे काम आयुकाने हाती घेतले. नायगमवाला यांच्या काळात दुर्बिणीचा आरसा परदेशातून पुण्यात आला होता. शतकभरानंतर पुण्यात शिकलेली विद्या परदेशातल्या दुर्बिणीची नजर स्वच्छ करू लागली.